बॅकटेस्ट फारच छान आली? मग या चुका आधी बघा

शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा याचे ठरलेले नियम म्हणजे सिस्टीम; ती जुन्या भावांवर चालवून बघणं म्हणजे बॅकटेस्ट. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मला एक्सेलची शीट पाठवतं. "दादा, सिस्टीम बनवली. बॅकटेस्टमध्ये वर्षाला साठ टक्के येतायत. पैसे कधी लावू?" हल्ली मी त्या साठ टक्क्यांकडे बघतच नाही. डेटा कुठून आणलास, एवढंच विचारतो. उत्तर ठरलेलं असतं: "नेटवरून उतरवला."

एनएसईची (राष्ट्रीय शेअर बाजाराची) रोजची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या भावांची फाईल, फुकट मिळते आणि ती खरीच असते. पण तिच्यात त्या दिवशी बाजारात होता तोच भाव असतो. पुढे बोनस (फुकट जादा शेअर) आला, स्प्लिट (एका शेअरचे अनेक) झाला, तरी जुन्या फायली कुणी दुरुस्त करत बसत नाही. २८ जुलै २०२२ ला टाटा स्टीलच्या दहा रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे एक रुपयाचे दहा झाले. आदल्या दिवशी साडेनऊशेच्या आसपास असलेला भाव दुसऱ्या दिवशी शंभराच्या घरात. कच्च्या डेटावर चालणाऱ्या सिस्टीमला वाटतं कंपनी बुडाली, आणि ती स्टॉपलॉस मारून, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून विकून, मोकळी होते. असले मोठे प्रकार तरी बरे, ते ओरडून सांगतात. डोकेदुखी असते ती गप्प बसणाऱ्यांची.

माझीच गोष्ट सांगतो. मोठ्या कंपनीचा शेअर आदल्या दिवशीच्या बंद भावापेक्षा सात टक्क्यांहून जास्त खाली आला की घ्यायचा आणि दहा दिवसांनी विकायचा, अशी माझी एक सिस्टीम होती. स्प्लिट आणि बोनस मी स्वतः एकेक करून दुरुस्त केले होते, त्यामुळे छाती फुगलेली. गावी गेलो तेव्हा सौद्यांची छापील यादी शेजारच्या काकांपुढे ठेवली. काकांनी तीस वर्षं सब-ब्रोकरी केली, पण संगणकाला हात लावत नाहीत. चष्मा वर करून बोट फिरवत गेले आणि एका ओळीवर थांबले.

"रिलायन्स, २० जुलै २०२३. त्या दिवशी का घेतलास रे?"

"पडला होता ना काका. २८४१ चा सकाळी २५८० ला आला."

"पडला कुठे? जिओ फायनान्शियल वेगळी काढली त्या दिवशी. रेडकू दुसऱ्या दावणीला बांधलं, तर म्हैस रोडावली म्हणशील का?"

वजाबाकी केली तर २६१ रुपये आणि काही पैसे. त्या सकाळच्या खास सत्रात जिओ फायनान्शियलचा भाव नेमका तेवढाच ठरला होता. माझ्या डेटात डिमर्जर, म्हणजे कंपनीतून एक धंदा वेगळा काढणं, हा प्रकारच नव्हता. घरी येऊन तपासलं, तर चाळीस सौद्यांपैकी नऊ असेच निघाले. त्या नऊ घसरणी कधी झाल्याच नव्हत्या. त्यातल्या काहींत नफाही दिसत होता आणि मी त्याला माझी हुशारी समजत होतो.

तेव्हापासून एका दिवसात पाच टक्क्यांहून जास्त हललेली प्रत्येक नोंद मी कागदावर काढतो आणि एक्सचेंजच्या कॉर्पोरेट ॲक्शनच्या (बोनस, स्प्लिट, डिमर्जर वगैरेंच्या) यादीशी ताडून पेन्सिलने टिक करतो. हे आपोआप करणारे प्रोग्रॅम आहेत, ठाऊक आहे मला. माझे दोन रविवार जातात, जाऊ देत. ज्यांना दोन रविवार जड वाटतात, ते पुढे सहा महिने "बॅकटेस्टमध्ये तर चालत होतं" म्हणत फिरतात.

दुसरी आवडती चूक म्हणजे आजची निफ्टीची (एनएसईच्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाची) यादी घ्यायची आणि तिच्यावर २००८ पासूनची चाचणी करायची. दहावीचा निकाल लागल्यावर पहिल्या आलेल्या पोरांची नावं वाचून "मी जूनमध्येच हीच निवडली असती" म्हणण्यातला प्रकार. सत्यम, युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स, जयप्रकाश असोसिएट्स, येस बँक, हे सगळे कधी ना कधी निफ्टीत होते. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचा पाऊण भाव एका दिवसात गेला. सत्यम आजच्या यादीत नाही, म्हणून तुमच्या चाचणीत तो दिवस उगवतच नाही. निफ्टीची यादी वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस बदलते, आणि एखादी कंपनी येस बँकेसारखी अडचणीत आली की मध्येच. त्या त्या तारखेची यादी वेगळी ठेवा. नावांवरही लक्ष असू द्या: सेसा गोवाची सेसा स्टरलाइट झाली, मग वेदांता. प्रोग्रॅमला मात्र वाटतं, तीन निराळ्या कंपन्या आल्या नि गेल्या.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

बंद भावावर सिग्नल (घ्या-विका असा इशारा) काढून त्याच बंद भावाला खरेदी दाखवू नका. भावकॉपीतला बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे, शेवटच्या अर्ध्या तासाची भारित सरासरी (मोठ्या सौद्याला जास्त वजन). बाजार मिटल्याशिवाय तो कळत नाही. सौदा दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीच्या भावाला टाका.

मार्चअखेरचे कंपनीचे निकाल चाचणीत १ एप्रिलला वापरू नका. ते जाहीर करायला कंपनीला साठ दिवस असतात.

खर्च धरा. डिलिव्हरीत (शेअर खात्यात घेऊन ठेवण्याच्या सौद्यात) एसटीटी, म्हणजे सौद्यावरचा सरकारी कर, खरेदी-विक्री दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, वर खरेदीवर ०.०१५ टक्का मुद्रांक शुल्क. सगळं भांडवल वर्षात शंभर वेळा फिरवलंत तर साडेएकवीस टक्के इथेच गेले, आणि ब्रोकरेज अजून धरलेलं नाही.

अप्पर सर्किटला (दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला) लागलेला शेअर बॅकटेस्टमध्ये मिळतो, बाजारात नाही; तिथे विकणाराच नसतो.

दिवाळीतलं मुहूर्ताचं सत्र तासाभराचं असतं. उलाढालीची सरासरी काढताना तो दिवस वगळा.

आणि ते आकडे घोटवणं, म्हणजे नफा दिसेपर्यंत नियमातले आकडे बदलत राहणं! परवा एकजण भावाच्या १७ आणि ४३ दिवसांच्या सरासऱ्यांवरची सिस्टीम घेऊन आला. सतराच का, विचारलं. म्हणाला, "सोळाला तोटा येतो." म्हटलं, अठरा टाकून बघ आणि मग फोन कर. अजून आलेला नाही.