ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये ओर साठवून पैसे कसे कमवायचे: ग्राफ नंतर बघा, आधी गिऱ्हाईक शोधा

ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये ओर (खाणीतला कच्चा धातू) आणि बार (ओर वितळवून केलेल्या पट्ट्या) स्वस्तात घ्यायचे, गेममधल्या बँकेत ठेवायचे आणि भाव चढला की विकायचे, धंदा एवढाच आहे. पण यावरचे बहुतेक व्हिडिओ "हे पाच आयटम आत्ताच्या आत्ता घ्या" छापाचे असतात आणि ते बघून माल भरणाऱ्यांचे पैसे अडकतात, कारण व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचतो तोवर तो बनवणाऱ्याने आपला माल कधीच भरून ठेवलेला असतो आणि आता त्याला तो विकायला कुणीतरी हवं असतं. म्हणून इथे आयटमची यादी मिळणार नाही. पद्धत सांगतो, आयटम तुमचा तुम्ही शोधा.

ग्रँड एक्सचेंजवर (गेममधला बाजार, थोडक्यात जीई) ऑफर कशी टाकतात हे येतं असं धरून चालतो. मेंबरशिप घ्या, फ्री खात्याला एका वेळच्या ऑफरसाठी ३ स्लॉट मिळतात आणि मेंबरला ८, तीन स्लॉटमध्ये हे जमत नाही.

पायरी १: ओर कोण खातं ते शोधा

ओरला स्वतःचा असा भाव नसतो, जो त्याला वितळवतो, ठोकतो नाहीतर जाळतो त्याला ते किती परवडतं यावर भाव ठरतो. त्यामुळे ग्राफ उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा, हा माल शेवटी जातो कुठे?

रुनाइटचं (ज्याचा रून बार होतो तो ओर) बघा. ३ रून बारची एक रून टू-हँड तलवार होते, तिच्यावर हाय आल्क (वस्तूचे थेट पैसे करणारा मंत्र) मारला की गेम तुम्हाला ३८,४०० जीपी (गेममधलं चलन) देतो, आणि हे पैसे गेमच्या तिजोरीतून येतात, त्याला गिऱ्हाईक लागत नाही की टॅक्स लागत नाही. म्हणजे एका बारमागे १२,८०० झाले. त्यातून मंत्राला लागणाऱ्या एका नेचर रूनच्या किमतीचा तिसरा हिस्सा वजा करा (आगीच्या रून्स स्टाफमधून येतात), मग ब्लास्ट फर्नेसवर (कमी कोल लागणारी खास भट्टी) एका रून बारला लागणारे ४ कोल वजा करा, साध्या भट्टीवर हेच ८ लागतात. समजा नेचर रून १०० ला आणि कोल १५० ला आहे, तर ओरची किंमत १२,१६६ च्या आसपास येते. हे भाव फक्त उदाहरणापुरते घेतलेत, हिशोब करताना त्या दिवशीचे घ्या. हा आकडा म्हणजे रुनाइटची दोरी आहे, ओर याच्या बराच खाली गेला की ९९ स्मिथिंगवाले (धातूकाम ९९ पातळीला नेलेले, ही तलवार तेच ठोकतात) येऊन उचलतात आणि याच्या वर गेला की त्यांचा तोटा व्हायला लागतो म्हणून ते थांबतात. आता कुणी सांगितलं की रुनाइट दुप्पट होणार आहे, तर त्याला एकच विचारा, आल्कची किंमत बदलणार आहे का? नसेल तर दुप्पट भावाला घेणार कोण?

गोल्ड ओरचं गणित अगदी वेगळं आहे. फॅमिली क्रेस्ट क्वेस्टमधले गोल्डस्मिथ गाँटलेट्स घातले की एका गोल्ड बारला २२.५ ऐवजी ५६.२ एक्सपी (पातळी वाढवणारे अनुभवाचे गुण) मिळतो, त्यामुळे लोक ओर घेतात ते एक्सपीसाठी, बारसाठी नाही. बार कितीला विकला जातोय याची त्यांना पर्वा नसते, म्हणून अनेकदा ओर बारपेक्षा महाग दिसतो आणि नवीन माणूस त्याला चूक समजून "आता पडेल" म्हणून वाट बघत बसतो. ती चूक नाही, एक्सपीची किंमत आहे.

आयर्न आणि कोलची साखळी लांब आहे. दोन्ही जातात स्टील बारमध्ये, एका स्टील बारच्या ४ कॅननबॉल होतात, आणि कॅननबॉल जाळतात स्लेयर (नेमून दिलेले राक्षस मारायचं स्किल) करणारे. म्हणजे कोल साठवायचा असेल तर स्लेयरच्या बातम्या वाचायच्या, मायनिंगच्या नुसत्या वाचून उपयोग नाही.

प्रत्येक ओरसाठी अशी साखळी कागदावर काढा. काढता आली नाही तर तो ओर घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त वाटो.

पायरी २: मार्जिन आणि टॅक्स

एक नग जास्त भावाने विकत घ्या, एक नग कमी भावाने विका, दोन्ही वेळा खरा सौदा कितीला झाला ते बघा, ते बाजाराचं वरचं आणि खालचं टोक. गेममध्ये जो गाइड प्राइस दिसतो तो मागे राहतो, त्यावर निर्णय घेऊ नका. रूनलाइट (गेम खेळायचं वेगळं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांच्या सौद्यांवरून गेमच्या विकीवर ताजे भाव आणि व्हॉल्यूम (किती नगांचे सौदे झाले) दिसतात, ते वापरा.

ग्रँड एक्सचेंजवरचा टॅक्स डिसेंबर २०२१ मध्ये १ टक्का म्हणून आला आणि २०२५ मध्ये २ टक्के झाला, तो विकणाऱ्याकडून कापला जातो आणि प्रत्येक नगावर खालच्या पूर्ण आकड्यात मोजतात. १२,००० ला घेतलेला ओर १२,२४४ ला विकला तेव्हा कुठे बरोबरी होते, फायदा नाही. जुने व्हिडिओ टॅक्सच्या आधीचे किंवा १ टक्क्याच्या काळातले आहेत, त्यातलं मार्जिन आज चालत नाही. आणि स्वस्त मालात एक गोष्ट लक्षात ठेवा, १४९ ला विकलं तर टॅक्स २ आणि १५० ला विकलं तर ३, म्हणजे हातात दोन्ही वेळा १४७ च येतात, मग १५० लावून रांगेत मागे कशाला उभं राहायचं, १४९ लावा आणि आधी मोकळे व्हा.

पायरी ३: खरेदी

हळू करा. बाय लिमिट (एका आयटमचे जास्तीत जास्त किती नग घेता येतात) दर ४ तासांचं असतं, कोलला १३,००० आणि रुनाइट ओरला ४,५००. रुनाइटचं एक लिमिट भरायलाच ५ कोटींच्या आसपास जीपी लागतात, म्हणून कमी भांडवल असेल तर कोल आणि आयर्नपासून सुरू करा. भारतातून खेळणाऱ्यांनी झोपायच्या आधी ऑफर लावून ठेवावी, आपल्या पहाटे अमेरिकेत संध्याकाळ असते आणि तिकडचे लोक खाणीतून आणलेला माल तेव्हा विकतात, सकाळी उठेपर्यंत ऑफर बरीच भरलेली असते. एकाच ओरमध्ये सगळे पैसे घालू नका.

पायरी ४: अपडेटच्या आधी विकणं

इथे लोक बुडतात, आणि मला स्वतःला हा भाग समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला म्हणून यावर सविस्तर लिहितोय. घेणं कुणालाही जमतं. "नवीन कंटेंट येतंय, त्यात बार लागणार आहेत, म्हणून बार महागणार" हा विचारही सगळ्यांच्याच डोक्यात येतो, आणि नेमका तोच त्रास आहे, सगळ्यांच्या डोक्यात आलेला विचार भावात आधीच उतरलेला असतो.

आधी बातमी नीट वाचा, ती ओर खाणारी आहे की ओर ओतणारी? २०१९ मध्ये झाल्कानो हा बॉस आला, तो मारल्यावर ओरच मिळतात, रुनाइटसकट. अशी बातमी आली की साठा विकायचा, "नवीन बॉस म्हणजे तेजी" असं समजून धरून बसायचं नाही.

खाणारी असेल तर पुढचा प्रश्न, एकदाच खाणार की रोज खाणार? हा फरक मला कुठल्याच व्हिडिओत सापडला नाही आणि माझ्या मते सगळा धंदा यावर उभा आहे. १ जून २०२२ ला जायंट्स फाउंड्री (बार ओतून तलवारी बनवायचा मिनीगेम) आलं, तिथे एका तलवारीला २८ बार लागतात आणि तलवार दिली की ते बार गेममधून कायमचे जातात, पुढच्या तलवारीला पुन्हा २८. ही रोजची भूक आहे. त्याउलट सेलिंग बघा, २०२३ मध्ये हे स्किल निवडलं गेलं आणि १९ नोव्हेंबर २०२५ ला आलं, जहाज बांधायला फळ्या, खिळे, बार लागणार हे सगळ्यांना आधीपासून दिसत होतं. पण एका खेळाडूचं जहाज एकदा त्या पातळीचं झालं की त्याला तोच भाग पुन्हा पुन्हा लागत नाही. एकदाच खाणाऱ्या मागणीत पहिल्या दिवसांत जी झुंबड उडते तीच काय ती, मग ओहोटी लागते.

शिवाय तारखा बघा. निवड आणि रिलीज यात दोन वर्षांहून जास्त काळ गेला, इतका काळ जीपी बँकेत कोंडून ठेवणाऱ्याने त्या पैशांवर किती साधे फ्लिप (घेऊन लगेच विकायचे सौदे) सोडले याचा हिशोब कुणी करत नाही, शेवटी भाव वर गेला एवढंच सांगतात. मोठी नवी गोष्ट पोलला (खेळाडूंच्या मतदानाला) जाते, ती पास व्हायला ७० टक्के मतं लागतात, आणि पास झाली तरी रिलीजपर्यंत तपशील बदलत राहतात. नुसत्या प्रस्तावावर माल भरणं मला मान्य नाही. पोल पास होऊ दे, किती नग लागणार ते लिहून येऊ दे, मग घ्या, थोडं महाग पडलं तरी चालेल.

पर्यायही शोधा. फाउंड्रीत बारच्या जागी तयार चिलखतं आणि हत्यारंही वितळवता येतात, बार थोडे कमी मिळतात इतकंच. म्हणजे बार फारच महाग झाले की लोक प्लेटबॉडी विकत घेऊन वितळवतात आणि बारचा भाव तिथे अडकतो. प्रत्येक कंटेंटमध्ये असा पर्याय आहे का ते बघायचंच, तेच तुमचं छत आहे.

आता विकायची वेळ. अपडेट साधारणपणे बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ४-५ वाजलेले असतात. चाळीतल्या कांद्याला कोंब फुटायला लागले की शेतकऱ्याला तो बाहेर काढावाच लागतो, भाव असो नसो, त्यामुळे माल थोडा थोडा बाजारात येत राहतो. ओर बँकेत सडत नाही. म्हणून ज्याच्याकडे साठा आहे तो प्रत्येकजण त्या एका बुधवारची वाट बघतो आणि सगळा माल एकाच संध्याकाळी जीईवर येतो. त्या संध्याकाळी विकायला जायचं नाही हे मी ठासून सांगतो, तुमच्यापुढे हजारो ऑफर असतात आणि प्रत्येकजण एकेक जीपी खाली येत असतो.

माझी पद्धत अशी, साठ्याचे तीन भाग करायचे आणि घेतानाच वहीत लिहून ठेवायचं कुठला भाग कधी जाणार. पहिला भाग टॅक्स जाऊन ठरवलेला फायदा दिसला की लगेच, रिलीजची तारीख जाहीर झाली नसली तरी. दुसरा तारीख जाहीर झाली की त्या दोन-तीन दिवसांत, कारण तेव्हा घाईघाईने घेणारे सगळ्यात जास्त येतात आणि तुम्हाला हवेत तेच. तिसरा मंगळवारी रात्रीपर्यंत, भाव काहीही असो. "अजून थोडा चढेल" म्हणून तिसरा भाग धरून ठेवणारे तुम्हाला रोज भेटतील, त्यांचं ऐकू नका. मागणी रोजची असेल, फाउंड्रीसारखी, तर रिलीजनंतर साठेबाजांचा माल संपून भाव बसला की परत घ्या, घाई करायचं काही कारण नाही, भूक कुठे जात नाही.

आणि एक खूण. तुम्ही मुद्दाम खालच्या भावाची बाय ऑफर लावली आणि ती काही मिनिटांत पूर्ण भरली तर खूश होऊ नका, कुणीतरी मोठा साठा ओततोय आणि तुम्ही त्याच्या खाली हात धरून उभे आहात. लगेच ऑफर काढा, काही तास थांबा, व्हॉल्यूम बघा, मग ठरवा.

पायरी ५: लांब राहायच्या गोष्टी

"आज रात्री अमुक आयटम सगळ्यांनी मिळून घेऊया" असे ग्रुप असतात, त्यात शिरू नका, ग्रुप चालवणाऱ्याने आधीच घेतलेलं असतं. ते बहुतेक वेळा कमी व्हॉल्यूमचा आयटम निवडतात, त्यामुळे बातमी काही नसताना असा आयटम अचानक चढला तर हातच लावू नका. जीपी कुठल्या बाहेरच्या साइटवरून विकत घेऊ नका, नियमाविरुद्ध आहे आणि खातं जातं. पैसे घालायचेच असतील तर बाँड (कंपनीकडून घेऊन गेममध्ये जीपीला विकता येणारा आयटम) आहे.

पायरी ६: माल अडकला तर

साखळी काढली असेल तर घाबरायचं कारण नाही. ओर विकला जात नसेल तर एक पायरी पुढे नेऊन विका. रुनाइट अडकला आणि स्मिथिंग ८५ असेल तर केल्डाग्रिमच्या ब्लास्ट फर्नेसवर, ठरलेल्या वर्ल्डवर (गेमच्या सर्व्हरवर) जाऊन बार करा, कोल बॅग आणि स्टॅमिना पोशन घेऊन जा, कॉफरमध्ये (भट्टीच्या पैशांच्या पेटीत) तासाला ७२,००० जीपी जातात तेही हिशोबात धरा. बारचा भावही पडलेला असेल आणि ९९ असेल तर टू-हँड ठोका आणि आल्क करा, तिथे ३८,४०० ठरलेलेच आहेत. आयर्न आणि कोल अडकले तर स्टील करा, ब्लास्ट फर्नेसवर एका बारला एकच कोल लागतो, साध्या भट्टीवर मात्र दोन लागतात. स्टीलही पडून राहिलं तर कॅननबॉल करा, त्याला वेळ लागतो, पण दुसरं काही करता करता होतात.

गोल्ड ओर अडकला तर मात्र ही वाट नाही, बार करून अजून खाली जाल. तो तसाच ठेवा आणि रोज थोडा थोडा एक्सपीवाल्यांना विका.