कुत्र्याचे पंजे लाल झाले, सुजले? या चुका टाळा

सोयाबीन सोंगून होतं, धुऱ्यावरचं कुसळी गवत वाळतं आणि जागलीवर जाणारी कुत्री एकेक करून लंगडायला लागतात. मालक पंजा वरून पाहतो. लाल आणि सुजलेला दिसला की घरात जे सापडेल ते लावतो: हळद, डेटॉल, फिनाईल, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. पंजा उलटा करून बोटांच्या बेचक्यात पाहायला मात्र कोणी बसत नाही. पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

पंजा न पाहता औषध लावणं

आधी मोजा, एक पंजा सुजलाय की जास्त? एकच असेल तर काहीतरी टोचलंय, चावलंय किंवा अडकलंय. बाभळीचा काटा, पऱ्हाटीचं (कपाशीचं) धसकट, काच, मुळातून चिरलेलं नख, बेचक्यात बसलेली गोचीड, विंचू. दोन्ही पुढचे किंवा चारही पंजे लाल असतील तर ॲलर्जी, खरजेचे किडे, ओलाव्यातली बुरशी, तापलेला रस्ता किंवा फवारणीचं औषध, यांच्यापैकी काहीतरी आहे. फिकट रंगाच्या कुत्र्याच्या पंज्यावरचे केस गंजल्यासारखे तांबूस झाले असतील तर ते रक्त नाही. सतत चाटल्यानं लाळेचा रंग चढतो. असं कुत्रं बरेच दिवस खाजेनं हैराण आहे, एवढं त्यावरून समजतं.

पाहण्याआधी तोंड बांधा. घरचं, लाडाचं कुत्रंही दुखऱ्या पायाला हात लागला की चावतं. सुती कापडाची बोटभर रुंद, दोन हात लांब पट्टी घ्या. नाकाडावर एक फास, हनुवटीखाली एक वेढा आणि कानामागं सुटणारी गाठ. कुत्रं उन्हानं धापा टाकत असेल तर बांधू नका, त्याला तोंडानंच अंग थंड करावं लागतं. चावलंच तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

मग उजेडात, मोबाईलची बॅटरी लावून, केस ओले करून बाजूला सारा. प्रत्येक बेचकं वरून आणि खालून पाहा, गाद्यांच्या मधली खाच पाहा, अंगठ्याचं वरचं नख वळून मांसात शिरलंय का तेही पाहा. पायात नजरेसाठी बांधलेला काळा दोरा असेल तर तो चाचपा. पिल्लू वाढतं पण दोरा वाढत नाही. केसांखाली तो कातडीत रुततो आणि त्याखालचा पंजा फुगतो. असा दोरा दिसला की लगेच कापा. रुतलेला असेल तर तो डॉक्टरांनाच काढू द्या.

कुसळाला साधा फोड समजणं

या एका चुकीनं कितीतरी कुत्री महिनोन्‌महिने लंगडतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि अंगावर मागं वळलेले बारीक ताठ केस असतात. त्यामुळे ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. कुत्रं पाऊल टाकेल तसं ते आत जात राहतं.

क्रम जवळपास ठरलेला असतो. दिवाळीनंतर पुढच्या एका पायाच्या बेचक्यात ज्वारीच्या दाण्याएवढी लाल गाठ येते. तीन-चार दिवसांत ती बोराएवढी होते, फुटते, रक्तमिश्रित पू येतो. कुत्र्याला बरं वाटतं, मालकालाही. मेडिकलमधून आणलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवस दिल्या जातात, जखम मिटते. पंधरा दिवसांनी तिथंच, पण थोडं वर, दुसरं भोक. पुन्हा गोळ्या, पुन्हा मिटतं. संक्रांत येईपर्यंत भोक मनगटापाशी पोचलेलं असतं आणि कुत्र्याला भूल देऊन पाय चिरावा लागतो. गोळ्यांनी पू आटतो, पण आतलं गवत विरघळत नाही. एक्स-रेतही गवत सहसा दिसत नाही, म्हणून “फोटोत काही नाही” म्हणजे आत काही नाही, असं धरू नका. पहिल्या दिवशी चिमट्यानं दोन मिनिटांत निघालं असतं, त्याला तीन महिने लागतात. दिवस फक्त घाईनं वाया जातात, गाठ फुटली की झालं, या समजुतीनं.

टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्यानं अगदी कातडीलगत पकडा आणि ज्या वाटेनं आत गेलं त्याच वाटेनं सरळ, सावकाश ओढा. तुटलं किंवा दिसतच नसेल तर सुईनं, सेफ्टी पिननं, बाभळीच्या काट्यानं कोरू नका. कोरल्यानं ते आणखी आत ढकललं जातं. एकाच जागी गाठ दुसऱ्यांदा आली की डॉक्टरांना “कुसळ असेल का, जखम उघडून पाहता का?” असं स्पष्ट विचारा. आणि सोंगणीच्या आधी बेचक्यातले लांब केस बोथट टोकाच्या कात्रीनं कापून ठेवा. कुसळ आधी केसांत अडकतं, मग कातडीत जातं.

जळकं ऑइल

चारही पंजे लाल, केस गेलेले, कातडी जाड आणि काळपट. गावात याला खरूज म्हणतात आणि जळकं ऑइल फासतात. ऑइलखाली किडे गुदमरून मरतात, अशी समजूत आहे. खरं पाहता पंज्यांचे केस असे जायला कारणीभूत ठरणारे डेमोडेक्सचे किडे केसाच्या मुळात राहतात, तिथवर ऑइल पोचत नाही. कुत्र्याच्या पोटात मात्र ते नक्की जातं, कारण पंजा हीच त्याला सगळ्यात सहज चाटता येणारी जागा. त्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात, आणि आधीच सोललेली कातडी त्यानं आणखी भाजते. कृपा करून हे बंद करा.

आधीच फासलं असेल तर पाणी ओतू नका. कोरड्या फडक्यानं जमेल तेवढं पुसा, त्यावर गोडेतेल चोळा, ते पुसून घ्या आणि मग भांडी धुण्याच्या पातळ साबणानं कोमट पाण्यात दोनदा धुवा. रॉकेल आणि पेट्रोल लावायचंच नाही.

खरजेचं निदान डॉक्टर कातडी खरवडून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून करतात. आता फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर अशा गोळ्या मिळतात. महाग आहेत, पण डेमोडेक्सवर चांगल्या चालतात. तरी पंजे भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन टोचण्याचा मोहही टाळा. जनावरांच्या इंजेक्शनचं माप 50 किलोला 1 मिली आहे. दहा किलोच्या कुत्र्याला अंदाजानं एक मिली टोचलं तर ते पाचपट होतं. कोली आणि त्याच्या संकरातल्या काही कुत्र्यांना तर त्याहून कमी मात्राही मेंदूवर चढते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

माणसाची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होतं.

गजकर्णाची मलमं बरेचदा स्टेरॉइड मिसळलेली असतात. लाली दोन दिवस बसते आणि खाली बुरशी व किडे वाढतात.

घट्ट पट्टी नको. सुजणाऱ्या पंज्यावर ती फास होते, आणि ओली राहिली तर कातडी कुजते.

गोचीड रॉकेल लावून किंवा जाळून काढू नका. चिमट्यानं कातडीलगत धरा, सरळ ओढा.

एप्रिल-मेमध्ये गाडीमागं कुत्रं पळवत वावरात नेऊ नका. तळहाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या गाद्याही सोलणार. सोलल्याच तर दहा मिनिटं साधं गार पाणी ओता. बर्फ किंवा टूथपेस्ट नको.

फवारलेल्या पऱ्हाटीतून आलं की पंजे आधी साबणानं धुवा, हातमोजे घालून. लाळ गळणं, अंग थरथरणं, बाहुल्या बारीक होणं दिसलं की धुण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठा, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी सोबत घ्या.

धुणं जमलं पाहिजे

साधी लाली, चिखलानं आलेली सूज यात मलमापेक्षा धुण्यानं जास्त काम होतं. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड चहाचा चमचा मीठ. किंवा एक लिटरमध्ये 5 टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन 20 ते 30 मिली. पाणी फिक्या कोऱ्या चहासारखं दिसलं पाहिजे. गडद केलं म्हणजे लवकर बरं होतं असं नाही, उलट कातडी जळते. पंजा पाच मिनिटं बुडवून ठेवा, दिवसातून दोनदा. नंतर जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक बेचकं टिपून कोरडं करा. बहुतेक जण इथं कंटाळतात, आणि ओल्या बेचक्यातच बुरशी माजते. चाटणं थांबवायला बूड कापलेली छोटी प्लास्टिकची बादली गळ्यात चालते, फक्त कडेला कापड गुंडाळा.

दोन-तीन दिवसांत उतार नसेल, पू असेल, जखमेत अळ्या दिसत असतील, कुत्रं पाय टेकवत नसेल किंवा खात नसेल तर पशुवैद्यकीय दवाखाना. गाठ परत परत येत असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा अकोल्याची पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था गाठा.

आणि एकच पाय, बघता बघता, तासाभरात वर चढत सुजत असेल, जखमेतून रक्त थांबत नसेल तर घोणस किंवा फुरसं धरून चाला. पाय आवळू नका, चिरू नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून गाडीत घाला आणि निघतानाच डॉक्टरांना फोन करून सर्पदंशाची लस आहे का ते विचारा. नसेल तर वाट थेट मोठ्या दवाखान्याची धरा.