गोठ्यातला एलईडी दिवा आता मंद होत नाही

गोठ्यात १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर १ वॉटचे तीन पांढरे एलईडी सिरीजमध्ये जोडलेले होते, करंट रोखायला फक्त ८ ओहमचा रेझिस्टर. सोलरवर चार्जिंग चालू असताना दिवा भगभगायचा, पहाटे धारेच्या वेळी मात्र जीव गेल्यासारखा. एक एलईडी काळाही पडला.

दोष बॅटरीचा नव्हता. तीन एलईडींना साधारण ९.६ व्होल्ट लागतात. बॅटरी १२ वर असेल तर रेझिस्टरवर उरतात २.४ व्होल्ट, म्हणजे बरोबर ३०० मिलीअँपियर. चार्जिंगला १४.४ झाले की करंट दीडपटीच्याही वर, आणि ११ वर आले की साधारण साठ टक्के. एलईडीला व्होल्टेज नाही, करंट सांभाळून द्यावा लागतो.

म्हणून रेझिस्टर काढून ३०० मिलीअँपियरचा कॉन्स्टंट करंट बक ड्रायव्हर लावला, म्हणजे व्होल्टेज उतरवून करंट कायम ठेवणारं सर्किट. त्याला आउटपुटपेक्षा एक-दीड व्होल्ट जास्त इनपुट हवा. त्यामुळे चौथा एलईडी जोडायचा मोह टाळायचा. घेताना दुकानदाराला ‘कॉन्स्टंट करंट’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो हमखास व्होल्टेजवाला मॉड्यूल काढतो.

एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, मध्ये उष्णता पट्टीत नेणारी थर्मल पेस्ट. पट्टीवर बोट टेकवत नसेल तर पट्टी लहान आहे. बॅटरीच्या प्लसजवळ १ अँपियरचा फ्यूज, कारण उंदीर वायर कुरतडतात.

पुढची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट ६ अँपियर-अवरची घेणार, बीएमएससकट (बॅटरीला जास्त चार्ज-डिस्चार्जपासून वाचवणारं सर्किट). दिवा बॅटरीतून सव्वातीन वॉट ओढतो, म्हणजे दोन रात्री जेमतेम निघतील.