भाड्याची गाडी: निघण्याआधीची पंधरा मिनिटं

किल्ली हातात आली की लगेच निघू नका. आधी गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. बंपरचे खालचे कोपरे, चाकांच्या रिम आणि पुढची काच जवळून घ्या. परत देताना वाद होतात ते इथल्याच ओरखड्यांवरून. इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचाही फोटो हवाच.

मग सीट. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आरसे त्यानंतरच लावा.

प्रत्येक गाडीचा ब्रेक वेगळा लागतो. म्हणून मागे कुणी नाही हे बघून पार्किंगमध्येच ताशी १५-२० किलोमीटरवर दोन-तीनदा दाबून पाहा. रोज मॅन्युअल चालवणाऱ्यांची ऑटोमॅटिकमध्ये एक चूक हमखास होते: डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर जोरात पडतो. गाडी जागीच थांबते, मागचा येऊन धडकतो. तो पाय बाजूला टेकवूनच ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटर सोडताच वेग झपकन उतरतो; सवय होईपर्यंत पाय हळूहळू उचला.

इंधनाच्या चिन्हाशेजारचा छोटा बाण टाकीचं झाकण कोणत्या बाजूला आहे ते सांगतो. पेट्रोल की डिझेल, हे झाकणाजवळ वाचूनच भरा. चुकीचं भरलं गेलंच तर इंजिन अजिबात सुरू करू नका, आधी टाकी रिकामी करून घ्यावी लागते.

डिकीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही बघा. गाडी परत देताना ब्लूटूथमधून आपला फोन काढून टाका, नाहीतर संपर्कयादी गाडीतच राहू शकते.