दुखापतीनंतरचा पहिला कागद: बडोद्यात नव्याने आलेल्या कामगारांसाठी

मी 2012 साली खानदेशातून बडोद्याला आलो आणि तेव्हापासून मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात) काम करतो. गावाकडचा नवा मुलगा आला की आम्ही त्याला खोली कुठे स्वस्त मिळेल आणि मेस कोणाची बरी आहे, हे आवर्जून सांगतो. यंत्रात हात सापडला तर पहिल्या तासाभरात काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. मलाही कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्याच वर्षी पॉवर प्रेसमध्ये माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोकाचे पेर गेले. युनिट लहान होते, आम्ही एकूण सातजण. सुपरवायझरने मला मोटारसायकलवर बसवून खाजगी दवाखान्यात नेले आणि मी रक्ताने भिजलेला रुमाल धरून बसलेलो असताना डॉक्टरांना त्यानेच सांगितले की, घरी लोखंडी दारात बोट चेपले. केसपेपरवर गुजरातीत तेच लिहिले गेले. मला गुजराती थोडेफार बोलता येत होते, वाचता येत नव्हते. पुढे भरपाई मागितली तेव्हा मालकाच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. हजेरीच्या वहीत त्या दिवशी माझ्या नावापुढे ‘अर्धा दिवस’ लिहिलेले होते आणि दोन सोबती साक्षीला उभे राहिले, म्हणून माझा दावा टिकला. पण त्यात तीन वर्षे गेली.

म्हणून माझे पहिले आणि सर्वांत कळकळीचे सांगणे असे की, डॉक्टरांना हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगावी. कोणत्या यंत्रावर, किती वाजता, कोणते काम करताना लागले, हे सांगून केसपेपरवर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. इजा मोठी असेल तर सयाजी हॉस्पिटलसारख्या सरकारी रुग्णालयात जावे आणि मेडिको-लीगल नोंद (पोलिसांना कळवली जाणारी इजेची नोंद) करण्यास सांगावे. सोबत्याकडून यंत्राचे फोटो काढून घ्यावेत. त्यानंतर शक्य तितक्या लवकर मालकाला अपघाताची लेखी सूचना स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी.

भरपाई कोणाकडे मागायची, हे ईएसआयवर, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेवर ठरते. जिथे दहा किंवा अधिक माणसे आहेत आणि आपला पगार 21,000 रुपयांपर्यंत आहे, तिथे सहसा ईएसआय लागू असते. विमा क्रमांक कामावर लागल्याच दिवशी मागून घ्यावा. कामावरच्या दुखापतीसाठी किती महिने वर्गणी भरली हे पाहिले जात नाही, आणि काम बंद असेपर्यंत मजुरीच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. ईएसआय असेल तर मालकाविरुद्ध वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही.

ईएसआय नसेल तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. पूर्वी यासाठी 1923 चा कायदा होता; 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असून, घर आणि कामाची जागा यांच्या दरम्यान झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आल्यास, आता त्यात मोडतो. रकमेचा हिशेब समजून घ्यावा, कारण शेठ हातावर दहा-वीस हजार ठेवतो तेव्हा तो आपल्या अज्ञानावरच विसंबून असतो. समजा वय 30 आणि पगार 18,000 आहे. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार हिशेबात 15,000 पर्यंतचाच पगार धरला जातो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. कायद्याने वयानुसार ठरवलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, याला गुणायचे; 30 वर्षांसाठी तो 207.98, म्हणून गुणाकार 18,71,820. पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईच्या क्षमतेतील घट 14 टक्के धरतात, म्हणजे त्या गुणाकाराच्या 14 टक्के, भरपाई सुमारे 2,62,000 रुपये होते. उपचाराचा खर्च त्याशिवाय मिळतो.

चूक मालकाची होती, हे आपल्याला सिद्ध करावे लागत नाही. मात्र कामगार नशेत होता, किंवा त्याने सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचा गार्ड मुद्दाम काढला, असे दाखवून मालक हात वर करू शकतो, जरी मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असता ही सबब चालत नाही. उत्पादन वाढावे म्हणून प्रेसचा गार्ड सुपरवायझरच काढायला लावतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. तसे सांगितले गेल्यास त्याला मोबाइलवर मेसेज करून विचारावे. त्याने उत्तर दिले नाही तरी आपला प्रश्न तारखेसह नोंदलेला राहतो.

ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराला मूळ कारखान्याकडूनही भरपाई मागता येते, त्यामुळे ठेकेदार पळाला म्हणून खचून जाऊ नये. ‘हक्क सोडला’ अशा कागदावर सही झाली असली तरी कायद्यापुढे तो करार निरर्थक ठरतो. तरीही न वाचता सही करू नये, कारण त्याच कागदात अपघाताची हकिगत बदललेली असू शकते.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे. हात बरा होईपर्यंत बरेचजण गावी निघून जातात आणि बडोद्याला हेलपाटे घालणे परवडत नाही म्हणून दावाच सोडून देतात. तसे करण्याची गरज नाही: जिथे आपण नेहमी राहतो त्या भागातल्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडेही दावा दाखल करता येतो. धुळ्याचा मुलगा धुळ्यातून अर्ज करू शकतो. फक्त बडोदे सोडण्यापूर्वी केसपेपर, एक्स-रे, हजेरीचा आणि पगाराचा पुरावा आणि दोन सोबत्यांचे मोबाइल क्रमांक बरोबर घ्यावेत.