चेन सॉचा कार्बोरेटर सेट करताना या चुका टाळा

जून लागला की पुण्यात गुलमोहर आणि रेन ट्रीच्या फांद्या कोसळायला लागतात आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या चेन सॉ बाहेर निघतात. मशीन रेस घेत नसली की आधी कार्बोरेटरचे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवले जातात, आणि बहुतेक वेळा दोष तिथे नसतोच.

आधी एअर फिल्टर बघा. ओल्या लाकडाचा भुसा फिल्टरवर बसला की हवा कमी पडते आणि मशीन धूर ओकते. अशा वेळी स्क्रू आवळून सेटिंग जुळवलं आणि नंतर फिल्टर धुतला, तर तीच मशीन लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. जुनं पेट्रोल काढून टाका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, म्हणून पेट्रोल-ऑइलचं मिश्रण लागेल तेवढंच बनवा. टाकीचं झाकण सैल केल्यावर मशीन सुधारली, तर टाकीचा व्हेंट (हवा आत येण्याचं छिद्र) तुंबलाय. सायलेन्सरची जाळी, टाकीतला फिल्टर आणि साखळीची धारही तपासा.

आता स्क्रू. थंड मशीनवर सेटिंग करू नका, काही मिनिटं चालवून गरम होऊ द्या. स्क्रू पूर्ण आत जोरात आवळू नका, सुईचं टोक आणि सीट खराब होते. बऱ्याच मशीनना ‘एल’ (कमी रेसच्या पेट्रोलचा) आणि ‘एच’ (फुल रेसच्या पेट्रोलचा) हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बसवून एक आटा बाहेर, ही सुरुवात चालते. तरी आपल्या मॉडेलचं पुस्तक बघाच. आधी ‘एल’, मग स्लोचा, म्हणजे ट्रिगर न दाबता मशीन चालते त्या वेगाचा ‘एलए’, शेवटी ‘एच’. ट्रिगर दाबताच मशीन अडखळत असेल तर ‘एल’ किंचित बाहेर काढा. स्लोला साखळी फिरत असेल तर ‘एलए’ कमी करा, ते धोक्याचं आहे.

सगळ्यात महागात पडते ती ‘एच’ची चूक. आत फिरवत गेलं की आवाज बारीक, तीक्ष्ण होत जातो आणि मशीन जोरात पळते, म्हणून लोक खूश होतात. पण टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि थंडावाही कमी. पिस्टनवर ओरखडे पडतात, मग मशीन सीझ, म्हणजे जाम. बरोबर सेटिंगला मोकळ्या फुल रेसवर आवाज थोडा फाटका, भरभरता येतो आणि लाकडात साखळी घातली की तो साफ होतो. हा फरक कानाला कळेपर्यंत ‘एच’ किंचित बाहेरच ठेवा. टॅकोमीटर (आरपीएम मोजणारं यंत्र) असेल तर कंपनीने दिलेल्या कमाल आरपीएमच्या वर जाऊ नका. स्पार्क प्लग फिकट तपकिरी निघाला तर बरं. पांढरा पडला असेल तर लगेच थांबा.

गाव बदललं की सेटिंग बदलतं, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, पुणे ५६० च्या आसपास. वर विरळ हवेत नीट जुळवलेली मशीन इथे दाट हवेत लीन पडते, त्यामुळे घाट उतरल्यावर ‘एच’ पुन्हा तपासा.

ट्रिगर सोडल्यावर रेस लगेच खाली येत नसेल, किंवा स्लो सारखी कमी-जास्त होत असेल, तर बहुधा क्रँक सील (इंजिनच्या फिरत्या दांड्याभोवतीचं सील) किंवा इनटेकच्या रबरातून हवा शिरतेय. ते स्क्रूने झाकू नका. मेकॅनिककडून प्रेशर आणि व्हॅक्यूम टेस्ट करून घ्या आणि तोवर मशीन चालवू नका.