जुन्या पोस्टकार्डातलं इंग्लिश गाव कसं शोधावं

वॉलिंगफर्डच्या बाजारात एका टेबलावर बुटांच्या खोक्यात जुनी पोस्टकार्डं उभी लावून ठेवली होती. चाळता चाळता एक तपकिरी कार्ड हातात आलं आणि मी थबकले. ऑक्सफर्डशरमधलं स्टोक रो गाव, चारी बाजूंनी उघडा घुमट, घुमटाखाली विहिरीचा रहाट आणि रहाटावर चक्क हत्ती. दोन पौंड देऊन ते घेतलं. इंग्लंडमधल्या गावांची जुनी चित्रं आणि तिथल्या माणसांच्या आठवणी गोळा करायचा माझा नाद त्या कार्डापासून सुरू झाला. मी रेडिंगला राहते. इथली बरीच मराठी मंडळी शनिवार-रविवारी आसपासच्या गावांत फिरायला जातात, चर्च बघतात, चहा पितात आणि परततात. त्यांतल्या कुणाला या कामाची गोडी लागावी म्हणून मी कसं करते ते सांगते.

आधी त्या विहिरीबद्दल, कारण ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. स्टोक रो ज्यांत वसलंय त्या चिल्टर्नच्या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पाऊस पडतो तो झिरपून खोल जातो, वर पाणी राहत नाही. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. त्यांनी बनारसचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना आपल्या भागातली पाण्याची तंगी सांगितली होती. घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं म्हणून आईच्या हातचा मार खाणाऱ्या एका पोराची गोष्टही त्यात होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि स्टोक रोला स्वतःच्या खर्चानं विहीर बांधून दिली. ३६८ फूट खोल, जेमतेम चार फूट रुंद, सगळी हातानं खणलेली. कुतुबमिनार तिच्यात उभा सोडला तर तळापासून दोन तृतीयांशच वर येईल. २४ मे १८६४ रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, ती लोकांसाठी खुली झाली. माझं माहेर माण तालुक्यातलं. पाण्याच्या हंड्यावरून घरात होणारं रडणं-ओरडणं मी लहानपणी पाहिलेलं आहे, त्यामुळे त्या पोराची गोष्ट मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

आता कामाचं. कार्ड हातात आलं की चित्राकडे नंतर बघा, आधी पाठ बघा. पाठीवर फक्त पत्त्याला जागा असेल आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीनं लिहिलेला असेल, तर ते १९०२ च्या आधीच्या छपाईचं समजा. त्या वर्षापासून पाठीचे दोन भाग करून एकीकडे मजकूर, दुसरीकडे पत्ता लिहायला टपालखात्यानं परवानगी दिली. तिकीट अर्ध्या पेनीचं असेल तर कार्ड जून १९१८ च्या आधी टाकलेलं असणार, कारण तेव्हा दर एक पेनी झाला. तिकिटावर दाढीवाला राजा सातवा एडवर्ड की पंचम जॉर्ज, हेही बघायचं, म्हणजे कुणाच्या कारकिर्दीतलं ते कळतं. दाढी दोघांनाही आहे, पण एडवर्डचं टक्कल लपत नाही.

शिक्क्यावरची तारीख मात्र कार्ड पेटीत टाकल्याची, फोटो काढल्याची नव्हे. मी इथे एकदा फसले आहे. एका गावच्या चौकाचं कार्ड, शिक्का १९२६ चा, म्हणून वहीत १९२६ लिहून मोकळी झाले. मग तिथे गेले तर चौकात पहिल्या महायुद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगडी क्रूस, आणि कार्डात त्या जागी नुसतं गवत. असे क्रूस बहुतेक गावांत १९१९ नंतरच्या चार-पाच वर्षांत उभे राहिले. म्हणजे फोटो त्याहून जुना होता, दुकानदाराकडे कार्डांचा गठ्ठा वर्षानुवर्षं पडून होता एवढंच. फोटोग्राफर फ्रान्सिस फ्रिथ यांनी १८६० च्या सुमारास रायगेटला काढलेल्या कंपनीच्या कार्डांवर नावाशेजारी क्रमांक छापलेला असतो. त्या क्रमांकावरून फोटोचं वर्ष काढता येतं, म्हणून तो जपून उतरवून घ्या.

मग भिंग घेऊन चित्रात शिरा. लाल टेलिफोनची नेहमीची पेटी, जी आपण सगळे इंग्लंड म्हणून ओळखतो, ती १९३६ नंतरची. छपरांवर टीव्हीचे अँटेना दिसले तर बहुधा १९५३ च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे किंवा नंतर. मोटारीच्या पाटीला शेवटी वर्षाचं अक्षर असेल तर १९६३ किंवा पुढचं. रस्त्याच्या फाट्यावर खांब आहे आणि गावांची नावं लिहिलेले हात नाहीत, असं दिसलं तर युद्धकाळ मनात आणा. १९४० मध्ये जर्मन उतरले तर वाट सापडू नये म्हणून ते काढून ठेवले होते.

यानंतर नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशाखात्याचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. आजच्या नकाशावर जुना ठेवून हवा तेवढा फिका करता येतो. २५ इंचाला एक मैल या मापाच्या नकाशात घरन् घर आहे. त्यात ‘डब्ल्यू’ म्हणजे विहीर, ‘पी’ म्हणजे हातपंप, ‘पी.एच.’ म्हणजे पब, ‘स्मिदी’ म्हणजे लोहारशाळा. ‘बी.एम.’ दिसलं तर ती जागा वहीत लिहाच. तिथे उंची मोजण्याची खूण दगडात कोरलेली असते, आडवी रेघ आणि तिच्याकडे जाणारा बाण. चर्चच्या भिंतीवर ती हातानं चाचपता आली की शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आणि तुमचे पाय एकाच जागी आल्याची खात्री पटते. मला त्या खुणेचा फार लळा आहे.

फोटोवाला नेमका कुठे उभा होता, हे शोधणं सोपं आहे, फक्त घाई नको. चित्रात न हलणाऱ्या दोन गोष्टी निवडा, एक जवळची, एक लांबची. समजा धुराडं आणि चर्चचा मनोरा. धुराड्यानं मनोरा कुठे झाकलाय ते बघा आणि तसंच दिसेपर्यंत डावीउजवीकडे सरका. मग दोघांच्या उंचीचं प्रमाण जुळेपर्यंत पुढेमागे व्हा. जुन्या चर्चची वेदी सहसा पूर्वेला असते आणि इथला सूर्य दुपारी दक्षिणेकडे असतो, त्यामुळे सावल्यांवरून फोटो सकाळचा की संध्याकाळचा हेही कळतं. शक्यतो हिवाळ्यात जा. उन्हाळ्यात झाडं इतकी दाट होतात की पलीकडची घरं दिसतच नाहीत.

इथवरचं सगळं एकट्यानं होतं. पण कार्डात दारात उभी असलेली बाई कोण, हे भिंग सांगत नाही. त्यासाठी माणसं लागतात, आणि खरं काम तिथे आहे.

कार्ड मोठं करून ए-फोर कागदावर छापून न्या, म्हातारी नजर लहान चित्रात शिरत नाही. गावच्या हॉलमध्ये आठवड्यातून एखादी सकाळ कॉफीची असते, रविवारी प्रार्थनेनंतर चर्चमध्ये चहा असतो. तिथे जा, आधी खुर्च्या लावू लागा. तुम्ही इथल्या नाही, मग हे कशाला, असं कुणीतरी विचारणारच. खरं काय ते सांगा. मी सांगते की माझ्या गावात पाणी नव्हतं आणि तुमच्याकडेही नव्हतं, म्हणून आले. त्यानंतर मला कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.

‘तुमच्या लहानपणी गाव कसं होतं?’ असं विचारू नका. याला ‘छान होतं’ एवढंच उत्तर येतं. चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, या दारातून कोण बाहेर यायचं? इथून शाळेला कुठल्या वाटेनं जायचात? ब्रेडची गाडी कुठे थांबायची? नव्वदीतल्या एका आजींना मी विचारलं, सोमवारी कपडे धुवायला पाणी कुठलं? त्या क्षणभर गप्प बसल्या. मग छपरावरून पावसाचं पाणी ज्या टाकीत जायचं तिचं झाकण, झाकणावरची मांजर, टाकीत काही पडू नये म्हणून आईनं बांधलेलं फडकं, सगळं एका दमात आलं. त्या गप्प झाल्या तेव्हा मी मध्ये बोलले असते तर काहीच आलं नसतं. आपल्याला शांतता सहन होत नाही, लगेच दुसरा प्रश्न सुचतो. तो गिळायचा.

दोन म्हाताऱ्यांचं एकमत नसेल तर भांडू द्या आणि दोन्ही म्हणणी नावानिशी लिहा. कोण बरोबर ते नंतर कागद बघून ठरवता येतं, कधी कधी ठरवायची गरजही नसते. ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारा, आणि सुरुवातीलाच तारीख, गाव व बोलणाऱ्याचं नाव मोठ्यानं म्हणा. नाव देऊ नका म्हटलं तर देऊ नका. शेतांची नावं आवर्जून विचारा. आपल्याकडे जसं ‘वडाचं’, ‘माळाचं’, ‘विहिरीचं’, तशी इथे प्रत्येक तुकड्याला नावं होती आणि बांधाची झुडपं काढून शेतं एक झाल्यावर ती फक्त तोंडात उरली.

मग कागदपत्रं. १९२१ पर्यंतची शिरगणती खुली आहे. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या पोकळीत २९ सप्टेंबर १९३९ ची नोंदवही कामी येते, घरोघरची माणसं आणि त्यांचे धंदे तिच्यात आहेत. केलीच्या डिरेक्टरीत, म्हणजे गावोगावच्या धंदेवाल्यांच्या छापील यादीत, गावचा लोहार, बिअर विकणारा, किराणावाला नावानं सापडतो. जुन्या डिरेक्टऱ्या लेस्टर विद्यापीठानं फुकट वाचायला ठेवल्यात. ऑक्सफर्डशरसाठी काउली इथलं हिस्टरी सेंटर बघा, एका जुन्या चर्चमध्ये आहे. हेन्री टाँट या ऑक्सफर्डच्या फोटोग्राफरनं थेम्सकाठची गावं पालथी घातली होती, त्याचे फोटो तिथे विचारा. आणि महिला मंडळाची १९६५ ची वही विचारायला विसरू नका. वुमेन्स इन्स्टिट्यूटच्या पन्नाशीनिमित्त गावोगावच्या बायकांनी आपल्या गावाच्या त्या वर्षाच्या चिकटवह्या केल्या होत्या, त्यांत दुकानातले भाव, कपड्यांचे तुकडे, बसचं वेळापत्रक असं काय काय आहे. माझ्या मते गावाबद्दल याहून प्रेमळ कागद दुसरा नाही.

जमवलेलं नीट ठेवा. कार्ड ६०० डीपीआयला स्कॅन करा, प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद करू नका, पेनानं लिहू नका. मऊ पेन्सिल, हलका हात. एक प्रत ज्यांनी सांगितलं त्यांना नेऊन द्या, एक जिल्ह्याच्या दप्तराला. त्या आजींना दिलेल्या प्रतीच्या पाठीवर मी असं लिहिलं: ‘डावीकडून दुसरं घर. टाकी मागच्या बाजूला, चित्रात दिसत नाही. झाकण लाकडी. सांगणारी या घरात जन्मली.’ त्यांनी चष्मा लावून वाचलं, पेन्सिल मागितली आणि खाली मांजरीचं नाव लिहिलं.